लेमाँडचे ते 8 सेकंद: हँडलचे किती, पायांचे किती?

प्रश्न असा आहे: अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडने 1989 ची टूर द फ्रान्स 8 सेकंदांनी जिंकली, ती त्या एरोबारमुळेच का (एरोबार म्हणजे हँडलवरून पुढे आलेला, कोपरं टेकवून वाऱ्याखाली वाकायचा दांडा)? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. त्याच्या नावाने ओळखला जाणारा 0.883 चा हिशोब (पायाच्या आतल्या लांबीला 0.883 ने गुणायचं) आज सीटच्या उंचीला लावावा का? आणि साध्या रोड बाइकवर क्लिप-ऑन, म्हणजे वरून आवळून बसवायचा एरोबार, लावून टाइम ट्रायलला (घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला) उतरण्यात अर्थ आहे का?

आधी निकाल सांगतो, मग हिशोब मांडतो. एरोबार नसता तर ती टूर शेवटच्या दिवसापर्यंत आघाडीवर असलेल्या फ्रान्सच्या लोराँ फिन्याँकडेच राहिली असती. पण नुसत्या एरोबारने त्या दिवशीची 50 सेकंदांची पिछाडी भरून निघाली नसती. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि लोक त्यातलं एकच धरून वाद घालतात.

लेमाँड त्या दिवशी अचानक उगवलेला नव्हता. 1961 चा जन्म, नेवाडातलं बालपण, मूळ ओढा स्कीइंगकडे. उन्हाळ्यात पाय तयार ठेवायला सायकल हाती घेतली आणि तीच पुढे मुख्य झाली. 1979 ला ब्वेनोस आयरेसच्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत त्याने रोड रेसचं सुवर्ण, वैयक्तिक परसूटचं (ट्रॅकवरच्या पाठलाग शर्यतीचं) रौप्य आणि संघ टाइम ट्रायलचं कांस्य मिळवलं. एकाच मुलात स्प्रिंट, दम आणि एकट्याने सतत जोर लावण्याची कुवत क्वचितच जमून येते. अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकल्यामुळे तो रस्ता बंद झाला आणि 1981 पासून तो संघप्रमुख सिरिल गिमारच्या रेनॉ संघात व्यावसायिक झाला. 1982 मध्ये टूर द लाव्हनीर ही उगवत्या सायकलपटूंची शर्यत दहा मिनिटांहून अधिक फरकाने, 1983 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आल्टेनऱ्हाइनला जागतिक विजेतेपद, 1984 च्या पहिल्याच टूरमध्ये तिसरा क्रमांक.

1985 ला तो उद्योगपती बर्नार तापीच्या ला वी क्लेअर संघात गेला, तिथे संघाचा म्होरक्या बर्नार इनो आधीच होता. त्या वर्षी लुझ आर्दिदेनच्या चढावर लेमाँड पुढच्या गटात होता, पण इनो अगदी मागेच आहे असं सांगून संघाने त्याला रोखलं. प्रत्यक्षात अंतर सांगितलं त्याहून जास्त होतं. टूर इनोने 1 मिनिट 42 सेकंदांनी जिंकली. पुढच्या वर्षी इनो मदत करेल असा शब्द होता. मदत कशी झाली, तर पो शहराच्या टप्प्यात इनोने स्पेनच्या पेद्रो देल्गादोसोबत हल्ला केला आणि तो लेमाँडच्या पाच मिनिटांहून अधिक पुढे गेला. दुसऱ्याच दिवशी हाव सुटून पुन्हा पळाला, सुपरबान्येरच्या चढावर त्याचे पाय संपले आणि लेमाँडने बहुतेक सगळी पिछाडी एका दिवसात वसूल केली. शेवटी फरक 3 मिनिटं 10 सेकंद, लेमाँडच्या बाजूने. आल्प द्युएझवर दोघे हातात हात घालून आले तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्या फोटोवरून मैत्रीचा निष्कर्ष काढू नये एवढंच.

20 एप्रिल 1987 ला शिकारीत चुकून सुटलेल्या बंदुकीचे सुमारे 60 छर्रे त्याच्या अंगात घुसले. फुप्फुस बसलं, शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त गेलं. तीसहून अधिक छर्रे, काही हृदयाच्या आवरणातले, काढता आले नाहीत. दोन मोसम वाया गेले. 1989 ला तो एडीआर नावाच्या बेल्जियन संघात होता. डोंगरात त्याच्यासाठी वारा कापणारा तिथे कोणी नव्हता.

आता 1989 चा जमाखर्च. लेमाँड विरुद्ध फिन्याँ, टप्प्याटप्प्याने. लक्झेंबर्गच्या प्रोलॉगमध्ये (सुरुवातीच्या छोट्या टाइम ट्रायलमध्ये) दोघांची वेळ सारखी. संघ टाइम ट्रायल फिन्याँच्या सुपर यू संघाने जिंकली, एडीआर पाचवा आला: लेमाँड उणे 51 सेकंद. दिनार ते रेन ही 73 किलोमीटरची वैयक्तिक टाइम ट्रायल लेमाँडने एरोबार लावून जिंकली: अधिक 56, म्हणजे 5 सेकंद पुढे आणि आघाडीवीराची पिवळी जर्सी अंगावर. सुपरबान्येरच्या चढावर उणे 12, म्हणजे 7 मागे. ऑर्सिएर-मेर्लेतची 39 किलोमीटरची डोंगरी टाइम ट्रायल: अधिक 47, म्हणजे 40 पुढे. ब्रियाँसोंला अधिक 13, म्हणजे 53 पुढे. आल्प द्युएझवर उणे 79, म्हणजे 26 मागे. व्हिलार-द-लान्सला उणे 24, म्हणजे 50 मागे. आणि 23 जुलैला व्हर्साय ते पॅरिस, 24.5 किलोमीटर: अधिक 58. शिल्लक 8.

वैयक्तिक टाइम ट्रायल वेगळ्या काढल्या तर तीन मिळून लेमाँडची कमाई 161 सेकंद होते. बाकीच्या सगळ्या टूरमध्ये तो 153 सेकंदांनी हरला. म्हणजे 3285 किलोमीटरपैकी 136.5 किलोमीटर तो जिंकला आणि उरलेल्यात नुकसान आवरून धरलं. ही टूर शेवटच्या दिवशी जिंकली असं म्हणतात. माझ्या मते ती आल्प द्युएझवरही जिंकली, कारण तिथे पाय संपलेले असताना त्याने 79 सेकंदच जाऊ दिले. त्याची तिथे दोन मिनिटं गेली असती तर पॅरिसमध्ये कुठल्याही हँडलचा उपयोग नव्हता.

आता मुद्द्याचं. रेनला आणि पॅरिसला त्याच्याकडे तोच एरोबार होता आणि फिन्याँकडे दोन्ही वेळा नव्हता. रेनच्या 73 किलोमीटरला लेमाँडला 1 तास 38 मिनिटं लागली, फरक 56 सेकंद, म्हणजे जवळपास 1 टक्का. पॅरिसला फिन्याँची वेळ 27:55, लेमाँडची 26:57, फरक साडेतीन टक्के. हत्यार तेच आणि फरक साडेतीनपट! जे बदललं ते हँडल नव्हतं. ढोबळमानाने एरोबारचा वाटा 1 टक्का धरा, तर पॅरिसच्या 24.5 किलोमीटरला तो 16–17 सेकंद येतो. 8 पेक्षा जास्त, 50 पेक्षा पुष्कळ कमी. वरचा निकाल इथून येतो. दोन दिवसांचे रस्ते, हवा आणि थकवा वेगळे होते, त्यामुळे हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पण दिशा चुकणार नाही.

उरलेले चाळीसेक सेकंद कुठून आले? फिन्याँ त्या दिवशी कोसळला नव्हता. टप्प्यात तो तिसरा आला, ताशी 52.6 किलोमीटरच्या वेगाने. लेमाँडची सरासरी 54.545 होती. व्हर्सायपासून पॅरिसकडे रस्ता एकंदरीत उतरता आहे, म्हणून दोन्ही आकडे इतके मोठे दिसतात. टप्प्यातल्या दुसऱ्या क्रमांकाचा तिएरी मारी लेमाँडच्या 33 सेकंद मागे होता. मारी प्रोलॉग आणि टाइम ट्रायलचा खास माणूस. त्याला 33 सेकंदांनी हरवायचं तर पायात दम लागतोच. एरोबारचे 16–17 सेकंद त्यातून वजा करा, तरी लेमाँडच पुढे राहतो.

शिवाय फिन्याँने स्वतःहून काही सेकंद दिले. डोकं उघडं, मागे पोनीटेल, बैलाच्या शिंगांसारखं हँडल आणि पुढेमागे दोन्ही डिस्क चाकं, म्हणजे आरे नसलेली भरीव तबकडीसारखी. लेमाँडने मागे डिस्क, पुढे स्पोकचं चाक आणि डोक्यावर लांबट एरो हेल्मेट ठेवलं. पुढच्या डिस्कचा घोटाळा असा: सरळ समोरच्या वाऱ्यात ती वेगवान असते, पण बाजूने झोत आला की स्टिअरिंगच ढकलते. स्वार नकळत हँडल आवळतो, खांदे वर येतात, छाती उघडते आणि डिस्कने वाचवलेलं सगळं अंग परत देऊन टाकतं. पोनीटेलवर गेली तीनेक दशकं विनोद चालू आहेत. पण 8 सेकंद म्हणजे फिन्याँच्या वेळेच्या अर्धा टक्का. बाकी सगळं सारखं धरलं तर त्यासाठी हवेचा अडथळा दीड टक्क्याने कमी झाला असता तरी पुरे होतं. हेल्मेटमध्ये तेवढं सहज असतं. (पूर्ण 58 सेकंदांसाठी हाच हिशोब सुमारे 10 टक्के येतो. वेळ ही हवेच्या अडथळ्याच्या घनमुळाप्रमाणे बदलते, म्हणून 3.5 टक्के वेळेसाठी 10 टक्के अडथळा.)

तिसरं कारण कोणी फार बोलत नाही: सीटवर बसतो त्या जागी झालेलं गळू. टूरच्या शेवटच्या दिवसांत फिन्याँला ते झालं होतं आणि बसणंही कठीण होतं. टाइम ट्रायलमध्ये पेल्विस (कमरेखालचं हाड) पुढे झुकवून सीटच्या टोकावर स्थिर बसावं लागतं, नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. दर वीस-तीस सेकंदांनी बूड हलवलं की एरो पोझिशन मोडते आणि जोराची लय तुटते.

हे गळू व्यावसायिकांचंच दुखणं नाही. पावसाळ्यात ओल्या बिब शॉर्टमध्ये (खांदापट्ट्यांच्या, आत गादी असलेल्या सायकल चड्डीत) चार तास बसणाऱ्याला ते सहज होऊ शकतं. घर्षणाने केसाच्या मुळाशी बारीक जखम होते, घाम आणि जंतू आत शिरतात, वरून शरीराचं वजन. बचावाचे नियम साधे आहेत. तो भाग वस्तऱ्याने भादरू नका. बिब एकदाच वापरून धुवा, उलटा करून उन्हात वाळवा, आणि राइड संपल्यावर चहाला बसण्याआधी बदला. आत दुसरी चड्डी घालायची नाही, शिवण नेमकी तिथेच घासते. दोन तासांवरच्या राइडला शॅमॉय क्रीम (घर्षण कमी करणारं मलम) लावा. गळू नेहमी एकाच बाजूला होत असेल तर क्रीम बदलून काही होणार नाही, सीट उंच आहे किंवा वाकडी आहे. उंच सीटवर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि एकच बाजू घासत राहते. कडक गाठ, ताप किंवा पू दिसला तर सायकल बंद आणि डॉक्टर. स्वतः फोडायला जाऊ नका.

चौथं कारण रक्तात होतं. 1989 च्या जिरोमध्ये (इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत) लेमाँड रोज मागे पडत होता आणि निवृत्तीचा विचार करत होता. शरीरात लोह कमी असल्याचं लक्षात आलं, उपचार झाले आणि जिरोच्या शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये तो दुसरा आला. जिरोचा विजेता होता फिन्याँ, आणि त्या दिवशी लेमाँड त्याच्यापेक्षा मिनिटाहून अधिक वेगवान होता. टूरला सुरुवात व्हायला तेव्हा तीन आठवडेही नव्हते. म्हणजे पॅरिसचा निकाल ज्यांना धक्का वाटला त्यांनी जिरोचा शेवटचा दिवस पाहिला नव्हता.

यातून घ्यायचं ते असं: महिनाभर आराम-आहार ठीक असूनही चढावर दम लागत असेल, हृदयाचे ठोके वर जाऊनही पाय चालत नसतील, तर ट्रेनिंग प्लॅन बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असं शाकाहारी आणि पाळी येणाऱ्या सायकलपटूंमध्ये वारंवार दिसतं. लोहाची गोळी जेवणाआधी, लिंबूपाण्यासोबत, आणि चहापासून दोनेक तास लांब. मनाने इंजेक्शन घेऊ नका. जास्तीचं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही, ते यकृतात साठतं. शिवाय 2011 पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या स्पर्धकांना वैद्यकीय गरजेशिवाय सुई टोचून घ्यायला बंदी आहे.

पाचवं, पेसिंग. लेमाँडने पॅरिसच्या दिवशी मागून येणाऱ्या आपल्या संघाच्या गाडीला सांगून ठेवलं होतं की मध्ये वेळा सांगू नका. ही मर्दुमकी नव्हती. 50 सेकंद मागे असलेल्या माणसाला प्रत्येक आकडा एकच सांगतो, अजून जोर लाव. मग न कळवलेला बरा. पुढे असलेल्या फिन्याँला मात्र वेळा कळत होत्या आणि प्रत्येक वेळेला आघाडी कमी होत होती. तुमच्याकडे पॉवर मीटर (पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर स्क्रीनवर पॉवर आणि अंतर एवढंच ठेवा, सरासरी वेग काढून टाका. वारा समोरून असताना सरासरी वेग खाली दिसतो, माणूस घाबरून जोर वाढवतो आणि परतीच्या वाटेवर रिकामा होतो. पहिली तीन मिनिटं ठरवलेल्या पॉवरच्या 5 टक्के खाली ठेवणं सगळ्यांना चुकीचं वाटतं. वाटू द्या.

1989 च्या ऑगस्टमध्ये शाँबेरीला त्याने कोनिशेव्ह आणि शॉन केली यांना स्प्रिंटमध्ये हरवून दुसऱ्यांदा जागतिक विजेतेपद मिळवलं. मग झेड संघाशी तीन वर्षांचा 55 लाख डॉलरचा करार झाला. सायकलपटूंचे पगार वर जायला त्याच्या करारांचा मोठा हात आहे. 1990 ची टूर त्याने एकही टप्पा न जिंकता जिंकली. पहिल्याच दिवशी चौघांचा गट दहा मिनिटांहून अधिक पुढे निघून गेला होता. त्यातला क्लॉदिओ कियापुची शेवटच्या टाइम ट्रायलपर्यंत 5 सेकंदांनी पिवळ्या जर्सीत होता. पॅरिसमध्ये लेमाँड 2 मिनिटं 16 सेकंदांनी पुढे. ज्याला टूर कशी राखायची हे शिकायचंय त्याने 1989 पेक्षा 1990 अभ्यासावी. तिथे जादू काही नाही, रोज थोडं थोडं वसूल करणं आहे.

1991 ला सातवा क्रमांक, 1992 ची टूर अर्धवट, 1994 ची तीच गत, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवृत्ती. तेव्हा सांगितलेलं कारण मायटोकॉन्ड्रियल मायोपॅथी, म्हणजे स्नायूंच्या पेशींतली ऊर्जानिर्मितीच बिघडणं. 2007 मध्ये त्याने स्वतःच त्या निदानाबद्दल शंका काढली आणि अंगात राहिलेल्या छऱ्यांच्या शिशाकडे बोट दाखवलं. दुसरी बाजूही आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ईपीओ, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं बंदी असलेलं औषध, पेलोटॉनमध्ये (सायकलपटूंच्या ताफ्यात) पसरलं. हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची) 50 टक्क्यांची मर्यादा 1997 मध्ये आली, लघवीतल्या ईपीओची चाचणी त्याहून उशिरा. स्वच्छ माणूस अगदी पूर्वीइतकाच वेगवान राहिला असता तरी त्या काळात मागेच पडला असता. या तीन कारणांचं प्रमाण बाहेरून ठरवता येत नाही, आणि जो छातीठोकपणे एकच कारण सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. 2001 मध्ये आर्मस्ट्राँगच्या डोपिंगसाठी बदनाम डॉक्टर फेरारीशी असलेल्या संबंधांवर तो उघड बोलला आणि त्याची किंमत धंद्यात मोजली: त्याच्या नावाच्या सायकली बनवणाऱ्या ट्रेक कंपनीशी प्रकरण 2008 ला कोर्टात गेलं आणि 2010 ला तडजोडीने मिटलं. डोपिंगमुळे आर्मस्ट्राँग आणि लँडिस यांची विजेतेपदं काढून घेतल्यावर पुरुषांची टूर जिंकलेला मान्यताप्राप्त अमेरिकन एकच उरतो: लेमाँड.

आता 0.883. हे सूत्र गिमारच्या संघातून आलं आणि लेमाँडने लोकप्रिय केलं. मोजायची रीत अशी. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पावलांत 15 सेंमी अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांच्या मध्ये, कड भिंतीला काटकोनात लावून वर ओढा, सीटवर बसल्याइतका दाब येईपर्यंत. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. 820 मिमी आला तर 820 × 0.883 = 724 मिमी. हे अंतर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीट ट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) रेषेत सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत.

चुका तीन ठिकाणी होतात. पुस्तक हलकंच लावलं की इनसीम (पायाची ही आतली लांबी) 10 मिमी कमी येतो आणि सीट 9 मिमी खाली बसते. दुसरं, हे सूत्र टो-क्लिप पेडल (पट्ट्याने पाय बांधायचं) आणि त्या काळच्या बुटांसाठी होतं. आजच्या क्लिपलेस पेडल (बूट थेट अडकतो ते) आणि पातळ कार्बन तळव्याच्या बुटात पाय पेडलच्या दांड्याच्या जवळ असतो, म्हणून 2 ते 3 मिमी वजा करून सुरुवात करा. साधे जाड तळव्याचे बूट वापरत असाल तर वजाबाकी नको. तिसरं, क्रँकची (पेडलच्या दांड्याची) मिमीतली लांबी सूत्रात येतच नाही. 172.5 वरून 165 वर आलात तर पाय तळाला 7.5 मिमी कमी खाली जातो, सीट तेवढी वर घ्यावी लागते. टाचा आखडत्या असतील किंवा पाऊल मोठं असेल तर सूत्र 5 ते 8 मिमीने चुकू शकतं. म्हणून 0.883 ही सुरुवात समजा आणि ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) बसून शेवट करा. मागून कोणाला तरी पाहू द्या: कंबर डुलली तर 3 मिमी खाली. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर वर. एका वेळी 3 मिमीपेक्षा जास्त बदल नको, आणि प्रत्येक बदलानंतर तीन-चार राइड द्या. सीटपोस्टवर इलेक्ट्रिकल टेपची खूण करून ठेवा. कार्बन पोस्ट पावसाळ्यात हळूच घसरते आणि महिनाभराने गुडघा दुखल्यावर कळतं.

शेवटी क्लिप-ऑन. लेमाँडचा एरोबार स्कॉट कंपनीचा, बून लेननने बनवलेला. लेनन स्कीइंगचा प्रशिक्षक, म्हणून ती कल्पना उतारावर स्कीइंग करणाऱ्याच्या दबलेल्या पोझिशनची. ट्रायथलॉनवाले तो दोन वर्षं आधीपासून वापरत होते, युरोपातल्या रोड संघांनी मात्र ढुंकून पाहिलं नव्हतं.

तुम्हाला त्यातून किती मिळेल? ताशी 36 किलोमीटरवर, पुण्याच्या उंचीवरच्या हवेत, हूडवर (ब्रेकच्या मुठींवर) हात ठेवून बसलेल्या साधारण बांध्याच्या माणसाचं हवेपुढचं परिणामी क्षेत्रफळ 0.35 चौरस मीटरवरून एरोबारवर 0.30 झालं तर सुमारे 27 वॉट वाचतात. तेवढीच पॉवर लावून वेग 37.8 होतो, 20 किलोमीटरला दीड मिनिट. ताशी 24 वर बचत 8 वॉट. बोर घाटाच्या चढावर, ताशी 12 ला, एक वॉट. म्हणून घाटात एरोबारवर आडवं पडणाऱ्याने फक्त श्वास कोंडून घेतलेला असतो.

बसवताना आधी हँडल पाहा. क्लँप गोल 31.8 मिमीच्या भागावर बसतो. चपट्या एरो हँडलवर तो धरत नाही, आणि कार्बन हँडलवर फक्त उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच. बोल्ट टॉर्क रेंचनेच, क्लँपवर छापलेल्या आकड्यापर्यंत, बहुधा 5–6 न्यूटन मीटर. अंदाजाने आवळलेलं कार्बन बाहेरून चांगलं दिसतं आणि आतून चिरतं. पॅड कोपराच्या थोडं पुढे, हाताच्या मांसल भागाखाली यायला हवेत. कोपर 90 ते 100 अंश वाकलेलं, दंड जवळपास उभा. हात ताणून पुढे लोंबकळत असाल तर बार लांब आहेत, दहा मिनिटांत मान धरेल. पॅडमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 20 सेंमीच्या आसपास ठेवून सुरुवात करा. क्लिप-ऑनने हात हँडलच्या 3–5 सेंमी वर येतात, त्यामुळे खरा फायदा खाली वाकल्याचा नसतो, कोपर आत आल्याचा असतो.

मग सीट. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. रोड बाइकची सीट तशीच ठेवून पुढे वाकलं की मांडी पोटाला लागते, कमरेचा कोन बंद होतो आणि पॉवर पडते. सीट 20 मिमी पुढे सरकवा. सीट ट्यूब 73 अंशांची असेल तर तेवढ्याने पायाचं अंतर 6 मिमी कमी होतं, म्हणून तेवढी वरही घ्या. टोक 1–2 अंश खाली. त्याहून जास्त खाली केलं तर तुम्ही पुढे घसरत राहाल आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसाल. यूसीआय नियमांच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर सीटच्या टोकाचं बॉटम ब्रॅकेटपासूनचं मागचं अंतर आणि एरोबारची मापं त्या वर्षीच्या नियमांत बसतात का ते आधी तपासा. सामूहिक रोड रेसमध्ये एरोबार चालत नाहीत, आणि एप्रिल 2021 पासून नुसतं हँडलवर कोपरं टेकवून बसणंही चालत नाही.

रस्त्यावरचा धोका उघड आहे: हात ब्रेकवर नसतात. उलट बाजूने येणारी दुचाकी, रम्बलर, कुत्रं, शोल्डरवरची खडी, कशालाही उत्तर द्यायला अर्धा-एक सेकंद जास्त लागतो. गटात कधीच नाही, कोणाच्या मागे ड्राफ्टिंग करताना तर नाहीच. पहिला आठवडा घरात ट्रेनरवर, रोज 15 मिनिटं. मग पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर.

चाचणी अशी करा. वारा पडलेला असताना 5 किलोमीटर जाणं-येणं, त्याच पॉवरवर, आधी ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवून), मग एरोबारवर, मग पुन्हा ड्रॉपमध्ये. टायरचं प्रेशर आणि कपडे तेच. ड्रॉपच्या दोन फेऱ्यांमध्येच 10 सेकंदांहून जास्त फरक आला तर वारा बदललाय, चाचणी फेकून द्या. एरोबारवर 10 किलोमीटरला 15 सेकंदही मिळत नसतील तर पोझिशन चुकली आहे, बहुधा पॅड फार रुंद आहेत किंवा डोकं वर आहे. एरोबारवर तुमची 20 मिनिटांची पॉवर ड्रॉपपेक्षा 5 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर चालेल, हवेतून त्याहून जास्त परत मिळतं. 10 टक्के कमी असेल तर पॅडखाली 10–15 मिमीचे स्पेसर घालून हात वर घ्या आणि पुन्हा मोजा.